मेळावा आपला, दिवसही आपला

आज बोलू या आपल्या मेळाव्यांबद्दल. ग्रामसंघाची वार्षिक सभा, प्रभागसंघाचा मेळावा, बचतगटांच्या मालाचं प्रदर्शन, एखादं प्रशिक्षण. वर्षातून चार-पाच वेळा तरी आपण घरचं काम आटोपून, चांगली साडी नेसून अशा कार्यक्रमाला जातो. कधी समाधानाने परत येतो. कधी येताना एसटीत एकमेकींना विचारतो, "आज नक्की काय झालं गं?" हा दुसरा प्रकार कमी कसा करायचा, त्यासाठी हातातला फोन कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नुसती नीट केलेली आखणीच कामाला येते, ते आज पाहू.

पहिला हिशेब बाईच्या दिवसाचा

मेळाव्याचा खर्च लिहिताना आपण मंडप, माईक, जेवण, हार-तुरे लिहितो. सगळ्यात मोठा खर्च वहीत कधीच येत नाही. तो खर्च म्हणजे आलेल्या बायकांचा दिवस. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. मेळाव्याला दीडशे जणी आल्या तर १५० गुणिले २९७ म्हणजे ४४,५५० रुपयांची मजुरी त्या दिवशी मंडपात बसलेली असते. मंडपवाल्याचं बिलही बहुतेक वेळा एवढं नसतं.

आता सत्काराचं पाहा. व्यासपीठावर पंधरा पाहुणे. प्रत्येकाचा परिचय, नारळ, शाल, फोटो मिळून तीन मिनिटं धरा. पंचेचाळीस मिनिटं झाली. दीडशे बायकांची पंचेचाळीस मिनिटं म्हणजे ११२ तासांहून जास्त वेळ. आठ तासांचा कामाचा दिवस धरला, तर एका बाईचे चौदा दिवस सत्कारात गेले. पाहुण्यांचा मान राखू नये असं नाही. सगळ्यांचा एकत्र सत्कार पाच मिनिटांत होतो, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

हा हिशेब एकदा कार्यकारिणीपुढे मांडा. पुढच्या आखणीचे अर्धे वाद तिथेच मिटतात.

आखणी आपल्याला नवी नाही

कार्यक्रमाची आखणी ही काही शहरातून आलेली विद्या नाही. आपल्या जत्रा बघा. खेळण्यांची आळी वेगळी, भांड्यांची वेगळी, खाजं-मालवणी खाऊची वेगळी. कुणी फलक लावत नाही, तरी पोरंसुद्धा वाट चुकत नाहीत. हळदीकुंकू बघा. येणाऱ्या प्रत्येकीचं दारात स्वागत होतं, सगळ्या समोरासमोर बसतात, आणि जाताना हातात वाण असतं. स्वागत, समोरासमोर बसणं आणि घरी काहीतरी घेऊन जाणं या तीन गोष्टी चांगल्या मेळाव्यालाही लागतात.

पण हळदीकुंकवाची एक उणीवही आहे. नवरा गेलेली बाई तिथे कोपऱ्यात राहते, नाहीतर येतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या मेळाव्यात हे पाळायला ठरावाचीही गरज नाही. दारात प्रत्येकीला एक फूल द्या, गजरा द्या, सगळ्यांना सारखं. गटाच्या सभासद म्हणून सगळ्या आल्या आहेत, सवाष्ण म्हणून नाही.

तारीख आणि वेळ कोणाच्या सोयीची?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचं पंचांग वेगळं आहे. जून-जुलैत लावणी. मग गणपती. ऑक्टोबरात कापणी. मार्चपासून आंबा-काजू, त्यातच शिमगा. या दिवसांत मेळावा ठेवला तर ज्यांची हातावरची पोटं आहेत त्या आधी गळतात, आणि मग निर्णय फक्त ज्यांना जमलं त्यांचे होतात. कापणी-झोडणी आटोपल्यानंतरचे, नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंतचे दिवस सभेला बरे. प्रदर्शनाचं गणित मात्र गिऱ्हाइकाच्या दिवसांवर ठरतं. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी पर्यटक कधी येतात ते आधी पाहायचं.

वेळ ठरवताना सुरुवात शेवटाकडून करा. तुमच्या वाडीकडे जाणारी परतीची एसटी किती वाजता आहे? ती साडेतीनला असेल तर सभा तीनला संपली पाहिजे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच चुकली तर त्या सवलतीचा काय उपयोग! पहाटे उठून स्वयंपाक, गुरं, मुलांचे डबे करून येणाऱ्या बाईला दहाची वेळ देऊन साडेअकराला सुरू करण्यापेक्षा अकराची वेळ द्या आणि अकराला सुरू करा. दोन सभा अशा झाल्या की तिसऱ्या सभेला बायका वेळेवर येऊ लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचा विषय पहिल्या तासात घ्या. हिशेब, कर्जवाटप, परतफेड हे पंचसूत्रीतलं आपलं मूळ काम. ते शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं गेलं की एसटीच्या घाईत हात वर होतात. मंजुरी मिळते, पण ती समजून दिलेली नसते. उद्या परतफेड थांबली की हेच हात एकमेकींकडे बोट दाखवतात.

निमंत्रण : फोनवर आणि फोनशिवाय

आता तंत्रज्ञानाकडे येऊ. वॉट्सॲपवर छापील निमंत्रणाचा फोटो टाकला की काम झालं असं आपण समजतो. पण तीन अडचणी आहेत. काही जणींना वाचता येत नाही. काही जणींकडे साधा फोन आहे. आणि बऱ्याच घरांत फोन एकच असतो, तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात.

म्हणून निमंत्रण तीन वाटांनी पाठवा. एक, वॉट्सॲपवर एका मिनिटाचा बोललेला निरोप. अध्यक्षताईंच्या आवाजात, तारीख, वेळ, ठिकाण आणि "या सभेत अमुक कर्जाचा निर्णय होणार आहे" एवढंच. दोन, साध्या फोनवर थेट फोन. वाडीवाडीत एकेकीने दहा घरं वाटून घेतली तर अर्ध्या तासाचं काम. तीन, कागद. अंगणवाडी, गिरण, एसटीचा थांबा, जिथे बाई हमखास जाते तिथे मोठ्या अक्षरातला कागद.

निमंत्रणाबरोबर चार प्रश्न विचारा. येणार का? कुठल्या गाडीने? लहान मूल बरोबर असेल का? सभेत कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे? उत्तरं वॉट्सॲपवरच्या मतचाचणीतून येऊ देत, गूगलच्या अर्जातून येऊ देत, नाहीतर सीआरपी ताईच्या वहीत. या चार उत्तरांनी बरंच काही साधतं. जेवण किती करायचं ते कळतं, म्हणजे अन्न वाया जात नाही. पोरांसाठी सतरंजी आणि एक सांभाळणारी मावशी ठेवता येते. आणि बँकेच्या साहेबांना आधीच सांगता येतं की वीस जणींना व्याज परताव्याबद्दल विचारायचं आहे. मग ते भाषण न आणता उत्तर घेऊन येतात.

जागा, आवाज आणि मोरी

जागा पाहायला आठवडाभर आधी दोघी-तिघींनी जावं आणि जिथे सभा होणार तिथेच उभं राहून तपासावं. पहिलं, शौचालय. त्याला कडी आहे का, आत पाणी आहे का, बादली-मग आहे का. शौचालय नसलं की बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग डोकं दुखतं, आणि अशा बाईला कितीही चांगलं प्रशिक्षण दिलं तरी तिच्या ध्यानात काय राहणार? दुसरं, पायऱ्या. वयस्कर आणि अपंग मैत्रिणींसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण सुतार-गवंड्याला सांगा. त्याहून उभा उतार चाकाच्या खुर्चीला झेपत नाही. तिसरं, नेटवर्क. आपल्याकडे डोंगराच्या एका अंगाला रेंज असते आणि दुसऱ्या अंगाला नसते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन जा आणि प्रत्यक्ष एक रुपया पाठवून बघा.

चौथं, आवाज. माईक शिट्टी का मारतो? कर्ण्यातून आलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, परत मोठा होऊन बाहेर पडतो, असा फेरा चालू होतो. उपाय सोपा आहे. कर्णे बोलणाऱ्याच्या पुढे ठेवा, श्रोत्यांकडे तोंड करून. माईक कधी कर्ण्याच्या समोर नेऊ नका. पत्र्याच्या किंवा नुसत्या भिंतींच्या सभागृहात आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात. मागच्या भिंतीवर जाड चादरी, गोधड्या, सतरंज्या टांगा. कापड आवाज पितं. आवाज वाढवण्यापेक्षा हा उपाय जास्त लागू पडतो. आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे, हे सांस्कृतिक कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी ध्यानात असू द्या.

वीज जाणार हे धरूनच चला. बॅटरीवर चालणारा एक छोटा ध्वनिक्षेपक आणि भरलेली पॉवर बँक जवळ असावी. पडद्यावर चित्र दाखवायचं तर खोलीत अंधार लागतो. दिवसा मंडपात प्रोजेक्टर लावला तर पांढरा पडदाच दिसतो. त्यापेक्षा हिशेब मोठ्या कागदावर जाड पेनाने लिहून टांगा. बचत हिरव्या रंगात, कर्ज लाल रंगात, एक चौकट म्हणजे हजार रुपये. वाचता न येणारी बाईही चौकटी मोजते, आणि "ही लाल पट्टी एवढी लांब कशी?" असा नेमका प्रश्न विचारते.

बोलणाऱ्या वाढल्या पाहिजेत

दीडशे बायकांपुढे उठून बोलणं सोपं नाही. त्यात सासू त्याच सभेत बसलेली असेल तर सुनेचं तोंड उघडत नाही. म्हणून मोठ्या प्रश्नावर आधी आठ-दहा जणींचे घोळके करा. शक्यतो एकाच घरातल्या दोघी एका घोळक्यात नकोत. दहा मिनिटं बोलू द्या आणि मग प्रत्येक घोळक्यातून एकीने सगळ्यांचं म्हणणं सांगावं. कुणाचं नाव येत नाही, फक्त म्हणणं येतं. माईकही बाईकडे जाऊ दे. बाईला उठवून व्यासपीठावर आणलं की निम्मी वाक्यं वाटेतच विरतात.

निर्णय नाजूक असेल, म्हणजे कर्ज कोणाला आधी किंवा पदाधिकारी कोण, तर हात वर करायला लावू नका. झाकलेलं मडकं ठेवा. चिंचोका म्हणजे होय, खडा म्हणजे नाही. एकेकीने पदराआड मूठ नेऊन टाकायची, मग सगळ्यांसमोर मोजायचं. ग्रामीण भागात लोकांबरोबर बसून आखणी करणाऱ्यांनी बियांची ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली आहे. त्याला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि बाईला शेजारणीचं तोंड बघून मत द्यावं लागत नाही.

प्रदर्शन : माल परत नेण्यासाठी नसतो

आता प्रदर्शनाबद्दल. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर भरणारं महालक्ष्मी सरस आपल्यापैकी काही जणींनी पाहिलं असेल. राज्यभरातल्या गटांचा माल एका जागी येतो. साताऱ्याच्या माणदेशी फाउंडेशननेही म्हसवडच्या बायकांचा माल घेऊन मुंबईत महोत्सव भरवले आहेत. गावच्या बाईला शहरातलं गिऱ्हाईक थेट भेटावं हा हेतू. आपल्या तालुक्याच्या प्रदर्शनालाही तोच हेतू ठेवून काही गोष्टी करता येतात.

आधी गाळ्यांची मांडणी. सुकी मासळी आणि आंबापोळी शेजारी ठेवली तर दोघींचंही नुकसान. आंबापोळीला वास लागतो आणि सुकटवालीकडे लोक नाक मुरडतात. मासळीचे गाळे वाऱ्याच्या उतरत्या बाजूला, वेगळ्या रांगेत. कोकम सरबत आणि गरम घावणे शेवटी ठेवा, म्हणजे खायला जाणारं गिऱ्हाईक सगळ्या गाळ्यांवरून जातं. माल जमिनीवर न मांडता कमरेच्या उंचीवर मांडा. भाव प्रत्येक वस्तूवर लिहा. भाव विचारायला लाजणारं गिऱ्हाईक पुढे निघून जातं.

मग वेष्टन. पदार्थाचं नाव, त्यात काय घातलंय, वजन, किंमत, बांधल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, गटाचं नाव-पत्ता आणि अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक. एवढं असलं की दुकानदारही माल ठेवायला तयार होतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला २०१६ मध्ये आणि हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या मानांकनाचं चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी लागते. ती नसताना चिन्ह छापू नका.

पैसे घेताना क्यूआर कोड. हा चौकटीचा ठिपक्या-ठिपक्यांचा कोड १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढे तो आपल्या भाजीवालीच्या टोपलीवरही आला. कोड प्लास्टिकमध्ये मढवून घ्या, डोळ्याच्या उंचीवर लावा, ऊन थेट पडणार नाही असा. साध्या फोनवरूनही यूपीआय चालतं. त्यासाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू झालं आहे.

फसवणूक टाळायला चार गोष्टी पाठ करा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" असं म्हणणारा चोरच. गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं चित्र खरं मानू नका, आपल्या फोनवर किंवा आवाजी यंत्रावर जमा झाल्याचं कळलं तरच माल द्या. रोज सकाळी आपला कोड आपणच तपासा, त्याच्यावर दुसऱ्याचा कोड चिकटवलेला असू शकतो. स्कॅन केल्यावर आपलंच नाव येतं ना ते बघा. आणि फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणखी एक. प्रदर्शनाचा एक तास फक्त घाऊक गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवा. हॉटेलवाले, घरगुती निवास चालवणारे, किराणा दुकानदार यांना सकाळी दहा ते अकरा बोलवा, गर्दी व्हायच्या आधी. प्रत्येक गाळ्यावर एक कागद असू द्या. त्यात मालाचा फोटो, वजन, भाव आणि महिन्याला किती देऊ शकतो ते लिहा. फोटोला स्टुडिओ लागत नाही. खिडकीजवळचा उजेड, खाली स्वच्छ पांढरं धोतर, आणि मागे पसारा नको. दोन दिवसांत शंभर बाटल्या किरकोळ विकण्यापेक्षा महिन्याला वीस बाटल्या नेणारं एक हॉटेल गटाला जास्त काळ पोसतं.

संपल्यावरचं काम

मेळावा संपला की आपण खुर्च्या मोजतो आणि फोटो टाकतो. फोटो टाकण्याआधी बायकांना विचारा. काही जणींना घरी अडचण होऊ शकते. सह्यांचे कागद, आधार कार्ड, खात्याचे आकडे दिसतील असा फोटो तर कधीच टाकू नका.

त्याच संध्याकाळी तीन मिनिटांचा बोललेला निरोप पाठवा. काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. जी आली नाही तिलाही तो पोचला पाहिजे. सीआरपी ताईंनी लोकोस ॲपवर चढवलेली नोंद आणि आपल्या वहीतली नोंद जुळते का, ते पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. ॲपमध्ये गेलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं होत नाही.

प्रदर्शनानंतर एका पानावर तीन रकाने आखा. काय विकलं, काय परत आलं, आणि गिऱ्हाइकांनी काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. दहा जणांनी कोकम आगळाची लहान बाटली मागितली असेल, तर पुढच्या वेळी मोठ्या बाटल्या भरून नेण्यात काय अर्थ!

आणि सभेचं यश मोजताना किती जणी आल्या एवढंच मोजू नका. किती जणी बोलल्या? आधी आलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळालं? किती जणी आपल्या गाडीला वेळेवर पोचल्या? हे तीन आकडे इतिवृत्तात लिहायला लागा.

मैत्रिणींनो, यातलं सगळं एकाच वेळी करायला जाऊ नका. तुमच्या पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा आणि गटाने मिळून फक्त तीन गोष्टी निवडाव्यात. मी म्हणेन, परतीच्या एसटीची वेळ, शौचालयाची कडी आणि पहिल्या तासातला हिशेब इथून सुरुवात करा. या तिन्हींना पैसा जवळजवळ लागत नाही. ज्या बाईने दिवसाची मजुरी सोडून तुमच्या मंडपात पाऊल टाकलं, तिचा दिवस सत्कारणी लागला तर पुढच्या वेळी ती शेजारणीलाही घेऊन येईल.